१४ एप्रिल : एका तारखेच्या पोटात काय काय दडलंय (आणि गोदीतली ती दुपार)

माझगावची_माई

मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

परवा १४ एप्रिलला सकाळी आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर भीमजयंतीची तयारी जोरात चालू होती, निळे झेंडे, मांडव, लाडू, सगळं, आणि त्याच वेळी खाली कंपाउंडमध्ये अग्निशमन दलाची गाडी आली. प्रात्यक्षिक होतं, सिलिंडरला आग लागली तर काय करायचं वगैरे. माझी दहा वर्षांची नात पुढे उभी होती, तिने त्यातल्या एका वयस्कर जवानाला विचारलं की काका, तुम्ही आजच का आलात? तो माणूस खाली बसला, तिच्या उंचीवर आला आणि म्हणाला, बाळा, आजच्या तारखेला आमची ६६ माणसं एका दिवसात गेली, म्हणून आजपासून आठवडाभर आम्ही सगळीकडे जातो.

नात माझ्याकडे बघायला लागली. मी जन्माची माझगावची, गोदीच्या भिंतीला लागून आयुष्य गेलं, आणि मला तिला दोन वाक्यांच्या वर सांगता आलं नाही. "गोदीत स्फोट झाला होता खूप वर्षांपूर्वी" एवढंच. लाज वाटली खरंच. मग दोन दिवस बसून वाचलं, दोन-तीन जुन्या माणसांना फोन केले, ते इथे लिहितेय.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुसरं महायुद्ध चालू होतं. फोर्ट स्टिकीन नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून फेब्रुवारीत निघालं आणि कराचीमार्गे १२ तारखेला मुंबईत व्हिक्टोरिया गोदीत लागलं. जहाजात जवळपास १४०० टन दारूगोळा, पाणतीर, सुरुंग, खोक्यात भरलेली लढाऊ विमानं, आणि पावणेनऊ लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं. कराचीत त्यातच भर घातली कापसाच्या ८७०० गाठींची, लाकूड, तेलाची पिंपं, गंधक, राळ, भंगार लोखंड, सुक्या मासळीचं खत. म्हणजे जे जे एकमेकांजवळ ठेवू नये ते सगळं एका पोटात.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, पाण्याचे झोत चालू झाले, धुरामुळे आग नक्की कुठे आहे तेच कळेना, ९०० टन पाणी ओतलं तरी विझेना, पाणी उकळायला लागलं होतं म्हणे. ३:५० ला जहाज सोडा असा हुकूम झाला आणि ४:०६ ला पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे. १२ किलोमीटरवरच्या काचा फुटल्या, शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. लोक मदतीला धावले, बंबवाले जे वाचले होते ते पुन्हा कामाला लागले, आणि ४:३४ ला दुसरा स्फोट.

६६ बंबवाले गेले, ८३ जखमी झाले. एकूण माणसं किती गेली त्याचे आकडे ८०० पासून १३०० पर्यंत दिलेले आहेत, एवढा फरक आहे कारण धक्क्यावर काम करणारी, मांडवी आणि मशीद बंदरच्या गल्ल्यांत राहणारी कितीतरी माणसं कुठल्या वहीत नावाने नव्हतीच. ८०,००० लोक बेघर झाले.

तर १४ एप्रिल या तारखेला अजून काय काय घडलंय ते इथे लिहा, आणि कोणाच्या घरी गोदीच्या स्फोटाची आठवण असेल तर ती नक्की लिहा. ज्यांनी पाहिलं ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.

---

रानजाई

माई, अंगावर काटा आला. मी मुंबईत पंधरा वर्षं राहिले आणि मला हे माहीत नव्हतं.

तारखेबद्दल म्हणाल तर टायटॅनिक पण १४ एप्रिललाच बुडालं ना, १९१२ साली? आणि अब्राहम लिंकनची हत्या पण.

---

सेंट्रलचा_उतारू

@रानजाई थोडं दुरुस्त करतो. टायटॅनिक हिमनगावर आपटलं १४ ला, रविवारी रात्री ११:४० ला. बुडालं ते १५ च्या पहाटे, २:२० ला. आणि लिंकनला गोळी लागली १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटक बघताना, पण प्राण गेला दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यामुळे "या दिवशी घडलं" म्हणताना आपण नक्की काय धरतो, ठिणगी पडली तो क्षण की शेवट झाला तो, हा प्रश्न येतोच. गोदीतही तसंच आहे, स्फोट १४ चा, पण आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि ढिगारा उपसायला सात महिने, ८,००० माणसं त्या कामावर होती. पाच लाख टन मलबा. गोदीच्या लोकांसाठी तो १४ एप्रिल नोव्हेंबरपर्यंत चालू होता असंच म्हणायला पाहिजे.

---

निळी_पहाट

माई, धाग्याची सुरुवात तुम्ही जयंतीच्या मांडवापासून केलीत याचं बरं वाटलं.

१४ एप्रिल १८९१, महू. सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत होते, मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९४४ साली बाबासाहेब काय होते ते या धाग्यात सांगणं गरजेचं वाटतं. १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, म्हणजे आजच्या भाषेत देशाचे कामगार मंत्री. त्यांचा ५३ वा वाढदिवस होता तो, आणि त्याच दिवशी ज्या शहरात त्यांनी गिरणी कामगारांच्या वस्तीत आयुष्याची कितीतरी वर्षं काढली, जिथे स्वतंत्र मजूर पक्ष उभा केला, त्या शहरात एवढे कामगार एका दुपारी गेले.

माझे पणजोबा साताऱ्याकडून येऊन गोदीत हमाली करायचे. घरात सांगतात की त्या दिवशी चाळीत संध्याकाळी जयंतीचा कार्यक्रम होता, भजनी मंडळ येणार होतं, सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. पणजोबांची पाळी दुपारी संपली आणि ते कार्यक्रमासाठी लवकर निघाले म्हणून वाचले. त्यांच्या टोळीतले चार जण थांबले होते. आमच्या पणजीने त्यानंतर दरवर्षी जयंतीला बाबासाहेबांच्या फोटोपुढे एक मेणबत्ती लावली की बाजूला चार वेगळ्या लावायची. आजीने चालू ठेवलं, आता आई लावते. लहानपणी आम्हाला वाटायचं सगळ्यांच्याच घरी पाच लावतात.

---

माझगावची_माई

@निळी_पहाट वाचून बराच वेळ काही लिहिताच आलं नाही. त्या चौघांची नावं घरात कोणाला आठवतात का?

---

निळी_पहाट

दोघांची आठवतात, तीही नुसती हाक मारायची नावं. आडनावं नाहीत.

---

जहाजी_मामा

मी स्वतः ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, माल भरण्याउतरवण्याची कामं बघितलेली आहेत, त्यामुळे या जहाजाची गोष्ट आम्हाला ट्रेनिंगला धडा म्हणून सांगायचे. थोडं सविस्तर लिहितो कारण ते कसं झालं हे समजलं पाहिजे.

आग लागली ती दोन नंबरच्या फाळक्यात. फाळका म्हणजे जहाजाच्या पोटातली माल ठेवायची जागा. त्यात सगळ्यात खाली कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. आता कापसाची गाठ ही फार फसवी गोष्ट आहे. दाबून बांधलेली असते, बाहेरून विझली असं वाटतं पण आत दोन-दोन दिवस धुमसत राहते, झोत मारला तरी पाणी आतपर्यंत पोचतच नाही. त्यात वरून पाणी ओतत राहिलं की फाळक्यात पाणी चढतं आणि पाण्यावर गाठी तरंगत वर येतात. म्हणजे जळता कापूस हळूहळू वर, स्फोटकांकडे. जे बंबवाले जिवाच्या आकांताने पाणी मारत होते त्यांना हे दिसत नव्हतं, दिसणार तरी कसं, सगळा धूर. जहाजाच्या कुशीवर एका जागी रंगाला फोड यायला लागले तेव्हा कळलं की आग त्या पत्र्यामागे आहे, तिथे गॅसने भोक पाडायचा प्रयत्न झाला तोही जमला नाही.

आणि आणखी एक. दारूगोळा घेऊन येणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा आणि गोदीच्या बाहेर, लांब नांगर टाकायचा असा नियम असतो. युद्धामुळे त्यात सवलत दिलेली होती. लाल बावटा नव्हता. त्यामुळे शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना, धक्क्यावरच्या हमालांना, कोणालाच माहीत नव्हतं की आपण कशाच्या बाजूला उभे आहोत. धूर बघायला माणसं गोळा झाली होती. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

---

सत्यशोधू

माझ्या काकांनी कायम सांगितलं की हे जपान्यांचं काम होतं, घातपात, इंग्रजांनी दाबून टाकलं. यात तथ्य आहे का कोणी सांगेल का, कारण जपानी तेव्हा इंफाळ-कोहिमापर्यंत आलेच होते आणि डिसेंबर ४३ मध्ये कलकत्त्याच्या गोदीवर बॉम्ब पडलेच होते की.

---

माझगावची_माई

@सत्यशोधू तुमच्या काकांना तसं वाटलं यात काही चूक नाही, त्या दिवशी अर्ध्या मुंबईला तेच वाटलं होतं. लोक वर आभाळात विमानं शोधत होते. मिळेल त्या गाडीने गावाला निघाली होती कुटुंबं.

पण चौकशी झाली, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली, आणि त्यात घातपात नाही, अपघात असंच निघालं. कापसाजवळ कोणीतरी विडी-सिगरेट ओढली असावी असा निष्कर्ष.

दाबून टाकलं म्हणाल तर ते मात्र खरं आहे, वेगळ्या अर्थाने. युद्धाची सेन्सॉरशिप होती त्यामुळे सविस्तर बातमी बाहेर पाठवायला परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. आणि जगाला पहिली सविस्तर बातमी कोणी दिली, तर जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, १५ एप्रिललाच. आता विचार करा, ज्या शहराच्या आभाळात रात्रभर लाल उजेड आहे त्या शहरातल्या लोकांना आपल्याकडे काय झालं ते शत्रूच्या रेडिओवरून ऐकावं लागत असेल तर अफवा पसरणार नाहीत तर काय होईल. जपानी घातपाताची गोष्ट ऐंशी वर्षं टिकली त्याचं कारण मला हेच वाटतं.

---

वखारवाला

आमची तीन पिढ्यांची धान्याची दलाली दाणाबंदरला, त्यामुळे एक बाजू मी सांगतो जी सहसा कोणी लिहीत नाही. सगळे सोन्याबद्दल बोलतात. सोन्याच्या १२४ विटा होत्या, ३१ पेट्यांत, त्यातली एक वीट दीड-दोन किलोमीटरवरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली, पुढे कितीतरी वर्षं गाळ काढताना विटा सापडत राहिल्या, सगळं खरं आहे.

पण धान्याचं बघा ना. पन्नास हजार टनांहून जास्त धान्य जळालं त्या आगीत. आदल्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली होती, मुंबईत १९४३ पासून रेशनिंग होतं, मोजून तांदूळ मिळायचा, आणि त्यात हे. आमचे आजोबा सांगायचे की पुढे कित्येक दिवस त्या भागात भाजलेल्या गव्हाचा वास होता आणि बायका जळक्या ढिगाऱ्यातून बरे दाणे निवडून पदरात भरत होत्या, पोलीस हाकलायचे, त्या परत यायच्या. काळाबाजार मग वाढलाच. आजोबा व्यापारी माणूस, पण ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, म्हणायचे की त्या दिवसांत ज्यांनी भाव चढवला त्यांच्याशी मी परत व्यवहार केला नाही.

---

ह्यूस्टनहून_अदिती

हा धागा वाचून लिहायलाच पाहिजे असं वाटलं. मी मूळची डोंबिवलीची, गेली अकरा वर्षं ह्यूस्टनला असते. इथून तासाभराच्या अंतरावर टेक्सास सिटी म्हणून बंदर आहे. १६ एप्रिल १९४७, मुंबईनंतर बरोब्बर तीन वर्षं आणि दोन दिवस, तिथे ग्रँडकॅम्प नावाच्या फ्रेंच जहाजात आग लागली, पोटात २,३०० टनांच्या आसपास अमोनियम नायट्रेट, म्हणजे खत. तिथेही लोक धूर बघायला धक्क्यावर जमले कारण धुराचा रंग वेगळा दिसत होता. तिथेही जहाज फुटलं. गावच्या अग्निशमन दलात २८ माणसं होती, २७ गेली. एकूण साडेपाचशेच्या वर.

इथे दरवर्षी त्याची आठवण करतात, एकदा मी नवऱ्याबरोबर गेले होते. नावं वाचतात. एकेक नाव, सावकाश. कोणाला घाई नसते. मी तिथे उभी राहून रडले आणि मला आत्ता कळतंय की माझ्या स्वतःच्या शहरात याच्या दोन दिवस आधीची तारीख आहे आणि मला त्यातलं एकही नाव माहीत नाही.

---

सेंट्रलचा_उतारू

@अदिती, आणि २०२० चं बैरूत आठवा, ४ ऑगस्ट. गोदाम, अमोनियम नायट्रेट २,७५० टन, आधी छोटी आग, ती विझवायला पाठवलेली बंबवाल्यांची तुकडी, आणि त्यांना आत काय आहे ते सांगितलेलं नाही. १९४४, १९४७, २०२०. तिन्ही ठिकाणी जे सगळ्यात आधी पोचले त्यांनाच माहिती सगळ्यात कमी होती.

---

नवा_वाचक

एक प्रश्न, जहाज मुद्दाम बुडवलं का नाही? किंवा ओढून बाहेर का नाही नेलं? दोन तास होते हातात.

---

जहाजी_मामा

बरोबर प्रश्न आहे आणि चौकशीतही हाच मुद्दा होता. थोडक्यात सांगायचं तर त्या धक्क्यावर त्या दुपारी जहाजाचा कप्तान होता, दारूगोळ्याचा लष्करी अधिकारी होता, गोदीचे अधिकारी होते, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः होते, पण शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नव्हतं. एक म्हणतो बुडवा, दुसरा म्हणतो विझेल. युद्धाचा माल, त्यात सोनं, कोण जबाबदारी घेणार. तेवढ्यात वेळ गेली. कप्तान नेस्मिथ स्फोटात गेले, कूम्ब्स वाचले.

मी आयुष्यभर जहाजावर काम केलंय आणि मला कप्तानाला दोष द्यावासा वाटत नाही. दोष द्यायचा तर जिने तो माल एकत्र भरायला लावला त्या घाईला. बंबवाल्यांना मात्र मागे व्हा म्हणायला हवं होतं, निदान निम्म्यांना तरी. ते कोणी म्हणालं नाही, आणि ते स्वतःहून हटणारे नव्हते.

---

रानजाई

ती गोदी आता आहे का? बघता येते का?

---

माझगावची_माई

व्हिक्टोरिया आणि तिच्या शेजारची प्रिन्सेस, दोन्ही गोद्या भर टाकून बुजवल्या आहेत. पाणीच नाही तिथे आता. जलपद्म नावाचं जवळपास चार हजार टनांचं जहाज स्फोटाने उचललं जाऊन त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडच्या छपरावर जाऊन पडला होता, त्याचे फोटो आहेत, पण ती जागा कुठली हे आज बोट दाखवून सांगता येणार नाही. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारक आहे. तिथे १४ तारखेला मानवंदना असते. पुढच्या वर्षी मी नातीला घेऊन जाणार आहे, आधी विचारून, बाहेरच्यांना आत सोडतात का ते.

---

कोकणकडा_७२

मी फारसं लिहीत नाही इथे, पण माईंनी आठवणी विचारल्या म्हणून.

आमच्या संगमेश्वरजवळच्या घरी माजघराच्या दाराला अडणा म्हणून एक लोखंडाचा तुकडा आहे. जाड, एका बाजूने वाकलेला, चार-साडेचार किलोचा असेल, त्यात रिव्हेटची दोन भोकं. आम्ही लहानपणापासून बघतोय, पायाला लागला की शिव्या द्यायचो त्याला. आजीचं १९४४ ला नुकतंच लग्न झालेलं, मांडवीला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची, आजोबा छापखान्यात. दुपारी ती गॅलरीत कुरडया वाळत घालत होती. आत पाणी प्यायला गेली आणि हा तुकडा गॅलरीतल्या कुरडयांच्या पाटावर येऊन पडला. पाट फुटला, फरशी फुटली. लोखंड एवढं तापलेलं होतं की संध्याकाळपर्यंत हात लावता आला नाही. चार दिवसांनी ती आणि आजोबा बोटीने गावाला आले, भाऊच्या धक्क्यावर तोबा गर्दी, आणि तिने सामानात काय आणलं तर दोन लुगडी, देव, आणि हे लोखंड. सासूबाईंनी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, माझ्या वाटणीचं होतं, मला लागलं नाही, टाकून कसं देऊ.

आजी जाऊन नऊ वर्षं झाली. घर आता बंदच असतं, वर्षातून दोनदा गणपतीला आणि शिमग्याला उघडतो. धागा वाचल्यापासून डोक्यात आहे की ते भायखळ्याला द्यावं का. भाऊ म्हणतो घरातच राहू दे. तुम्हाला काय वाटतं?

---

निळी_पहाट

द्यायचं की नाही ते तुम्ही भावंडांनी ठरवा दादा, पण आजीचं ते वाक्य लिहून त्या लोखंडाला बांधून ठेवा. आमच्याकडे नुसत्या मेणबत्त्या उरल्यात, नावं गेली.

---

माझगावची_माई

@कोकणकडा_७२ शिमग्याला नाहीतर गणपतीला जाल तेव्हा त्याचा एक फोटो काढून इथे टाका, दोन्ही बाजूंनी, बाजूला पट्टी ठेवून. मामा, रिव्हेटच्या भोकांवरून ते जहाजाच्या कुठल्या भागाचं असेल ते सांगता येईल का तुम्हाला?

---

जहाजी_मामा

फोटो येऊ दे. पत्र्याची जाडी आणि दोन भोकांमधलं अंतर मोजून लिहा, मग बघतो. जहाजाच्या कुशीचा पत्रा असेल तर ओळखू येईल.